धर्म, सार्वभौमत्व आणि पोलंडचा कामगार

व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे पत्र आले तेव्हा त्यात विषय लिहिलेला होता, ‘धर्म आणि जागतिक राजकारण’. हा विषय खरे म्हणजे प्राध्यापकांचा. मी कामगार संघटनेत तीस वर्षे काढलेला माणूस. माझे बहुतेक शिक्षण नगरवाचनालयात आणि एस. टी.च्या बाकावर झाले. तेव्हा एवढा मोठा विषय अंगावर घेण्याऐवजी मी एकच देश निवडला आहे, पोलंड. धर्म, राज्य, परराष्ट्रकारण आणि संप ही चारही प्रकरणे तेथे एकाच फाटकाशी येऊन भिडली, म्हणून ती समजावून घ्यायला ती जागा सोयीची आहे.

ते फाटक म्हणजे ग्दान्स्क शहरातील जहाजबांधणी कारखान्याचे दोन नंबरचे फाटक. ऑगस्ट १९८०. आत हजारो कामगार ठिय्या देऊन बसलेले, बाहेर त्यांच्या बायका जेवणाच्या पिशव्या घेऊन उभ्या. फाटकाला फुले खोवलेली, आणि फुलांच्या मध्ये पोपची तसबीर. कारखान्याला नाव लेनिनचे, आणि फाटकावर पोप!

मी हे छायाचित्र प्रथम एका जुन्या मासिकात पाहिले, तेव्हा मला ते आवडले नाही, हे प्रांजळपणे सांगतो. आमच्या संघटनेत एक अलिखित नियम आहे. घरी ज्याचा त्याचा देव; फाटकसभेत देव नाही. हा नियम पुस्तकातून आलेला नाही. फाटकाशी एका धर्माची घोषणा झाली की दुसऱ्या दिवशी दुसऱ्या धर्माचा कामगार मालकाच्या केबिनमध्ये जाऊन बसतो, आणि मालकाला तेवढेच हवे असते. मग पोलंडच्या कामगारांनी चूक केली काय? चूक म्हणावी, तर त्याच फाटकातून काही महिन्यांत सुमारे एक कोटी सभासदांची संघटना उभी राहिली; आणि देशाची लोकसंख्या होती साडेतीन कोटी. हे कोडे सोडविण्यासाठी मला बरेच मागे जावे लागले. तुम्हालाही थोडे मागे यावे लागेल.

आज ज्याला आपण आंतरराष्ट्रीय राजकारण म्हणतो त्याचा पायाच मुळी धर्माच्या भांडणात घातला गेला. सोळाव्या शतकात जर्मनीत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात दंगे, लढाया चालल्या होत्या. १५५५ साली ऑग्सबुर्ग येथे तह झाला, त्याचा मथितार्थ असा की ज्याचा मुलूख त्याचा धर्म. राजा ज्या पंथाचा त्या पंथाची प्रजा. न पटेल त्याने गाठोडे बांधून दुसऱ्या मुलखात जावे. तोडगा टिकला नाही. १६१८ साली युद्ध पेटले ते तीस वर्षे चालले, आणि मध्य युरोपचे मुलूखच्या मुलूख उजाड झाले. शेवटी १६४८ साली म्युन्स्टर आणि ओस्नाब्रुक या दोन गावी जे तह झाले, त्यांना वेस्टफालियाचा तह म्हणतात. सार्वभौमत्व या शब्दाचा जन्म बहुतेक क्रमिक पुस्तके या तहापाशी नोंदवतात. अलीकडचे इतिहासकार म्हणतात की गोष्ट एवढी सरळ नव्हती, एका सहीने कल्पना जन्माला येत नसते. आणि ते बरोबरच आहे.

पण सार्वभौमत्व म्हणजे काय ते समजायला हा तह उपयोगी आहे. हद्दीच्या आत शेवटचा शब्द कोणाचा, एवढाच तो प्रश्न. त्या दिवसापर्यंत पोप म्हणत असे की धर्माच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा, मग हद्द कोणाचीही असो. दहावा इनोसंट हा त्या वेळचा पोप. त्याने हे तह रद्दबातल असल्याचे फर्मान काढले. कोणी ते मनावर घेतले नाही. सह्या करणाऱ्यांनी त्याची हरकत चालणार नाही असे कलम तहातच घालून ठेवले होते. धर्मसत्तेची युरोपवरची हुकमत संपली ती अशी, भांडण न होता, केवळ दुर्लक्षाने.

हुकमत संपली, पण संस्था संपली नाही, हे या गोष्टीतले गमतीचे वळण आहे. १८७० साली इटलीने रोम घेतले आणि पोपजवळ राज्य म्हणून एक एकरही उरला नाही. १९२९ साली मुसोलिनीशी करार होऊन व्हॅटिकनचे ४४ हेक्टर मिळाले, म्हणजे आपल्या हिशेबाने ११० एकरांच्या आसपास. पण मधल्या एकोणसाठ वर्षांतही अनेक देशांचे वकील पोपच्या दरबारी होतेच. जमीन नाही, फौज नाही, जकात नाही, तरी राजे त्याच्याशी करारमदार करीत. आजही संयुक्त राष्ट्रसंघात पोपचा दरबार १९६४ पासून कायम निरीक्षक म्हणून बसतो; मत नाही, पण खुर्ची आहे. पोपच्या पलटणी किती, असा सवाल स्टालिनने केल्याचे सांगतात. सवाल चोख होता, पण मोजायचे माप चुकले होते. पलटणी मोजून ज्याची ताकद कळत नाही असे काहीतरी जगात आहे, आणि कामगार संघटना चालविणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही. आमच्याजवळ तरी काय असते? एक खोली, एक फळा आणि पावतीपुस्तक.

आता पोलंड. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वाटण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघा शेजाऱ्यांनी हा देश खाऊन टाकला. १९१८ पर्यंत नकाशावर पोलंड नव्हताच. एकशे तेवीस वर्षे राज्य नाही, न्यायालय नाही, शाळा परक्या भाषेत. उरले काय? देऊळ उरले. रशिया ऑर्थोडॉक्स, प्रशिया प्रॉटेस्टंट. त्यामुळे कॅथलिक असणे हेच पोलिश असणे झाले. वझेश्न्या नावाच्या गावी १९०१ साली प्रशियाच्या सरकारने हुकूम काढला की धर्मशिक्षणाचा तासही जर्मनमध्येच व्हावा. मुलांनी जर्मन प्रार्थना म्हणायला नकार दिला. मास्तरांनी छड्या मारल्या. मुले गप्प बसली, आयांनी शाळेबाहेर आरडाओरडा केला, तर आयांनाच तुरुंगात घातले. धर्म हा या ठिकाणी परलोकाचा विषय राहिला नव्हता. आपण कोण आहोत हे सांगायला उरलेली ती एकच जागा होती.

या इतिहासाचा एक तुकडा आपल्या दाराशी येऊन गेला आहे. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वेने जाताना वळिवडे लागते. तेथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत फौजांनी त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया, कझाकस्तानकडे नेले होते, आणि तेथून सुटून इराणमार्गे ती इथवर आली. छावणीत त्यांनी शाळा काढल्या, आणि चर्चही उभे केले. युद्ध संपले तरी त्यांना घरी जाता येईना, कारण ज्या गावांतून त्यांना उचलले ती गावेच नव्या सीमेमुळे सोव्हिएत संघात गेली होती. पुढे त्या जागी सिंधी निर्वासित आले, आणि आज आपण कापड घ्यायला जातो ते गांधीनगर झाले. ‘प्रभावक्षेत्र’ असा एक शब्द परराष्ट्रकारणात वापरतात. १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टा येथे तीन पुढारी बसले आणि पोलंड कोणाच्या प्रभावक्षेत्रात जाणार हे जवळपास ठरून गेले. तो शब्द पुस्तकात फार सभ्य दिसतो. वळिवड्याच्या बाईला त्याचा अर्थ असा कळला की आता घर नाही.

येथे एक गोष्ट झाकून ठेवली तर मी अप्रामाणिक ठरेन. पोलंड हा पहिल्यापासून एकाच धर्माचा देश नव्हता. युद्धापूर्वी तेथे तेहेतीस लाखांच्या आसपास यहुदी होते, दहांत एक. शिवाय युक्रेनियन, बेलारूसी, जर्मन. जर्मनांनी सुमारे तीस लाख पोलिश यहुद्यांची कत्तल केली. मग सीमा सरकल्या, जर्मनांना हाकलले, युक्रेनियन पलीकडे गेले. १९४५ नंतरचा पोलंड जवळजवळ सगळा कॅथलिक दिसतो, तो भक्तीमुळे नव्हे, तर या हत्याकांडामुळे आणि उचलबांगडीमुळे. फाटकावर एकच तसबीर लावता आली याचे अर्धे कारण हे आहे. तसबिरीपुढे गहिवरून उभे राहणारे लेखक ते सहसा सांगत नाहीत.

युद्धानंतर कम्युनिस्ट राजवट आली. ती स्वतःला कामगारांचे राज्य म्हणवीत होती. आता दुसरी संकल्पना घेऊ. इंग्रजी ग्रंथांत ‘लेजिटिमसी’ म्हणतात, आपले पंडित तिला ‘अधिमान्यता’ म्हणतात. शब्द जड आहे, पण वस्तू आमच्या रोजच्या ओळखीची. मान्यता दोन प्रकारची असते, एक कागदावरची आणि एक माणसांच्या मनातली. मुंबईच्या कापड गिरण्यांत कायद्याने प्रतिनिधी संघटना होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. पण १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले ते डॉ. दत्ता सामंतांच्या शब्दावर. तो संप पुढे कसा मोडला ते आपण जाणतो, आणि तो आजचा विषय नाही. सांगायचे एवढेच की शिक्का एकाजवळ आणि शब्द दुसऱ्याजवळ, अशी स्थिती आली की शिक्केवाल्याची झोप उडते. पोलंडमध्ये ही स्थिती चाळीस वर्षे होती. शिक्का पक्षाजवळ, शब्द पाद्र्याजवळ.

सरकारला हे कळत नव्हते असे नाही. १९५० साली त्यांनी धर्मसंस्थेशी करार केला. १९५३ च्या सप्टेंबरात तिच्या प्रमुखाला, कार्डिनल व्हिशिन्स्कीला, अटक केली. १९५६ च्या जूनमध्ये पोझ्नानचे कामगार भाकरीसाठी रस्त्यावर आले, पन्नासांहून अधिक माणसे गोळीबारात मेली, आणि ऑक्टोबरात त्याच कार्डिनलला सोडावे लागले. कारण लोक शांत करायला त्याच्याशिवाय कोणी उरला नव्हता.

नोवा हुता या गावची हकिकत थोडी सविस्तर सांगतो. मला या सगळ्या इतिहासात तीच अधिक बोलकी वाटते. क्राकुफ हे जुने, विद्यापीठाचे, देवळांचे शहर. त्याला उत्तर म्हणून सरकारने १९४९ पासून शेजारी पोलादाचा प्रचंड कारखाना आणि कामगारांचे आदर्श नगर वसवायला घेतले. रुंद रस्ते, बागा, नाटकगृह, दवाखाने, पाळणाघरे, सगळे होते. आपल्याकडच्या चाळीत राहिलेल्या माणसाने त्याचा हेवाच करावा. फक्त आराखड्यात चर्च नव्हते. नव्या माणसाला त्याची गरज राहणार नाही असा हिशेब होता. पण तेथे राहायला आली ती माणसे जुनीच होती, खेड्यांतून आलेली शेतकऱ्यांची पोरे. १९५६ च्या गडबडीनंतर त्यांना चर्चसाठी जागा मिळाली. १९५७ मध्ये त्यांनी तेथे एक लाकडी क्रूस रोवला. मग सरकारने परवानगी फिरवली, म्हणाले येथे शाळा बांधू. २७ एप्रिल १९६० रोजी क्रूस उपटायला माणसे आली. प्रथम धावल्या बायका. पाळी सुटल्यावर पोलादाचे कामगार आले. दिवस मावळेपर्यंत दगड आणि अश्रुधूर यांची लढाई झाली, शेकडो लोकांना धरून नेले. क्रूस राहिला. त्यानंतर वर्षानुवर्षे नाताळच्या मध्यरात्री तेथे उघड्यावर, बर्फात, प्रार्थना होई, आणि ती चालवायला येई क्राकुफचा एक बिशप, कारोल वोयतिवा. चर्चची परवानगी १९६७ साली मिळाली. लोकांनी बरेचसे आपल्या हातांनी ते बांधले, आणि मे १९७७ मध्ये त्याच वोयतिवाने, आता कार्डिनल होऊन, त्याचे उद्घाटन केले.

या माणसांना पाळणाघर नको होते काय? हवेच होते. पण पाळणाघर देणाऱ्याने ‘तुला आणखी काय हवे ते मीच ठरवणार’ असे म्हटले, तेथे बिनसले. कामगार कल्याणाच्या योजना आखणाऱ्यांनी, आमच्यासारख्या पुढाऱ्यांनीसुद्धा, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता आंतरराष्ट्रीय करारांविषयी थोडे. करार म्हणजे कागद, असे आपण सहज म्हणतो. १ ऑगस्ट १९७५ रोजी हेलसिंकी येथे पस्तीस सह्यांचा एक दस्तऐवज झाला. सोव्हिएत पक्षाला त्यातून युद्धोत्तर सीमांवर शिक्कामोर्तब हवे होते, ते मिळाले. त्याच्या बदल्यात विचार, विवेक आणि धर्म यांच्या स्वातंत्र्याचे कलम त्यांनी मान्य केले, कारण ते कोण बजावणार? पस्तिसांत एक सही पोपच्या दरबाराचीही होती. दुसरा कागद आमच्या धंद्यातला. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा ८७ क्रमांकाचा करार कामगारांना आपल्या मर्जीची संघटना काढण्याचा हक्क देतो. पोलंडच्या सरकारने तो १९५७ साली स्वीकारला होता. स्वीकारून फडताळात ठेवला होता. १९८० साली ग्दान्स्कच्या कामगारांनी मागण्यांची यादी केली, तिच्यातली पहिलीच मागणी या करारावर बोट ठेवून केलेली आहे. फडताळातला कागद तेवीस वर्षांनी फाटकावर आला. जाता जाता सांगतो, भारताने हा ८७ क्रमांकाचा करार अजून स्वीकारलेला नाही. सरकारी नोकरांवरची बंधने हे कारण आपल्या सरकारने वेळोवेळी दिले आहे. म्हणजे आमच्या फडताळात तो कागदही नाही.

१६ ऑक्टोबर १९७८ रोजी कारोल वोयतिवा पोप झाला. इटलीबाहेरचा माणूस पोप होण्याची साडेचारशे वर्षांतली ही पहिलीच वेळ. जर्मनांच्या अमलाखाली त्याने तरुणपणी क्राकुफजवळच्या दगडखाणीत आणि सोल्व्हे नावाच्या रसायनांच्या कारखान्यात मजुरी केली होती, ही गोष्ट पोलिश कामगार विसरले नव्हते. जून १९७९ मध्ये तो नऊ दिवस मायदेशी आला. लाखो लोक जमले. सरकारी दूरदर्शनने कॅमेरे असे लावले की पोप दिसावा, गर्दी दिसू नये. दिसल्या तर म्हाताऱ्या आणि जोगिणी दिसाव्यात.

त्याच्या प्रवचनांवर ग्रंथ लिहिले गेले आहेत. मला प्रवचनांपेक्षा गर्दीचे महत्त्व अधिक वाटते. नव्या कारखान्यात फाटकसभेला पहिल्यांदा पाचशे माणसे जमतात, तेव्हा वक्ता काय बोलतो याकडे कोणाचे लक्ष नसते. प्रत्येक जण मान वळवून किती जण आलेत ते बघत असतो. आजवर त्याला वाटत असते की असा विचार करणारा मी एकटाच. त्या नऊ दिवसांत एका सबंध देशाने मान वळवून मागे पाहिले. पोलिसांच्या जागी स्वयंसेवकांनी बंदोबस्त ठेवला आणि चेंगराचेंगरी झाली नाही. राज्याच्या परवानगीवाचून आपण एवढे मोठे काम करू शकतो, हा अनुभव त्यांनी गाठीला बांधला. हल्ली ज्याला ‘नागरी समाज’ म्हणतात त्याची व्याख्या मी करू लागलो तर याहून वेगळी करणार नाही.

वर्षभराने, जुलै १९८० मध्ये, मांस महागले आणि ठिकठिकाणी संप सुरू झाले. ऑगस्टमध्ये ग्दान्स्कच्या कारखान्याने ॲना व्हालेन्तिनोविच नावाच्या यारी चालविणाऱ्या बाईला कामावरून काढले. बाई पन्नाशीची, निवृत्तीला पाच महिने उरलेले, आणि गुन्हा एवढाच की ती स्वतंत्र संघटनेचे काम करीत होती. १४ ऑगस्टला कारखाना थांबला. चार वर्षांपूर्वी काढून टाकलेला एक वीजतंत्री, लेक वालेसा, आत शिरून पुढारी झाला. दोन दिवसांनी व्यवस्थापनाने बाईला परत घेण्याचे आणि पगारवाढीचे कबूल केले आणि वालेसाने संप संपल्याचे जाहीर केले. हा क्षण संघटनेच्या कार्यकर्त्यांनी नीट पाहावा. आजूबाजूच्या लहान कारखान्यांनी यांच्या पाठिंब्यासाठी संप केला होता. त्यांना वाऱ्यावर सोडून मोठा कारखाना घरी निघाला. कारखान्याच्या दवाखान्यातील परिचारिका आलिना प्येन्कोव्स्का, ट्राम चालविणारी हेनरिका क्शिव्होनोस आणि स्वतः व्हालेन्तिनोविच यांनी फाटके गाठली आणि बाहेर पडणाऱ्यांना मागे फिरवले. बहुतेक निघून गेले होते, थोडे राहिले. त्या थोड्यांतून पुढचा इतिहास झाला. दुसऱ्या दिवशी रविवार. हेनरिक यान्कोव्स्की नावाच्या पाद्र्याने आत येऊन प्रार्थना चालवली, आणि सोमवारी गेलेले कामगार परत आले.

त्यांच्या एकवीस मागण्या लाकडी फळ्यांवर लिहून फाटकाला टांगल्या होत्या. त्या फळ्या युनेस्कोने २००३ साली जगाच्या स्मृतिसंग्रहात नोंदवल्या. धर्माचा उल्लेख त्यांत एकदाच येतो, तिसऱ्या मागणीत, तोही असा की सर्व पंथांना प्रसारमाध्यमांत जागा मिळावी. सर्व पंथांना, केवळ कॅथलिकांना नव्हे. बाकी मागण्या पाहा. संपाचा हक्क, बडतर्फ कामगारांना परत घेणे, पक्षाच्या वशिल्याने नव्हे तर लायकीने अधिकारी नेमणे, मांसासाठी कुपने, बायकांना पन्नासाव्या आणि पुरुषांना पंचावन्नाव्या वर्षी निवृत्ती, पाळणाघरे, बाळंतपणाची तीन वर्षांची पगारी रजा, शनिवारची सुटी. कोणत्याही देशातली मागणीपत्रके अशीच असतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे पुढे आहे. २६ ऑगस्टला, संप रंगात असताना, वृद्ध कार्डिनल व्हिशिन्स्कीने चेंस्तोहोवाच्या मठात प्रवचन केले. त्याने सबुरीचा, कामाचा, जबाबदारीचा उपदेश केला. सोव्हिएत रणगाडे येतील ही भीती त्याला होती, आणि ती खोटी नव्हती. मॉस्कोचे म्हणणेच असे होते की समाजवाद धोक्यात आला तर कोणत्याही मित्रदेशाचे सार्वभौमत्व आड येत नाही, आणि १९६८ साली झेकोस्लोव्हाकियात ते त्यांनी करून दाखवले होते. सरकारी दूरदर्शनने कार्डिनलचे प्रवचन आवर्जून दाखवले. फाटकाआड कामगारांनी ते ऐकले. आणि संप चालू ठेवला. तसबीर काढली नाही, आणि उपदेश पाळला नाही!

माझे कोडे येथे सुटले. पोलंडच्या कामगारांनी धर्मसंस्थेला आपला पुढारी केले नव्हते. तिला छप्पर केले होते. बाकी सारी छपरे, वृत्तपत्र, न्यायालय, संघटना, पक्ष, राज्याने ताब्यात घेतली होती. जे एक उरले त्याच्याखाली ते उभे राहिले. त्याखाली देव मानणारे होते, तसाच याचेक कुरोन होता, जो मानत नव्हता. इतिहासकार ब्रोनिस्वाफ गेरेमेक होता, जो यहुदी घरात जन्मला होता. ३१ ऑगस्टला वालेसाने करारावर सही केली ती पोपचे चित्र असलेल्या एका भल्यामोठ्या लेखणीने. पण मजकूर कामगारांचा होता. मी माझा फाटकाचा नियम बदललेला नाही. आमच्या देशात, कितीही फाटकी असली तरी, दुसरी छपरे आहेत. आणि आमच्या फाटकाशी एका धर्माचे छप्पर उभारले तर निम्मी माणसे पावसात राहतील. पण पोलंडच्या कामगाराला शहाणपण शिकवायला मी आता जात नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९८१ मध्ये पोपने श्रमावर एक पत्रक काढले, त्यात भांडवलापेक्षा श्रम श्रेष्ठ असल्याचे प्रतिपादन होते. १३ डिसेंबरला जनरल यारुझेल्स्कीने लष्करी कायदा पुकारला. तीनच दिवसांत वूयेक खाणीवर नऊ खाणकामगार गोळ्यांना बळी पडले. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी पोलिश कामगारांसाठी अश्रू ढाळले आणि निर्बंध लादले. याच रेगन साहेबांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याच देशातील अकरा हजारांवर विमानवाहतूक नियंत्रकांना संप केला म्हणून एका फटक्यात घरी पाठवले होते. परराष्ट्रकारणात दुसऱ्याच्या देशातला संप नेहमीच सुंदर दिसतो. अमेरिकेतील कामगार महासंघाने मात्र खरोखर पैसा आणि सामान पाठवले, हेही नोंदवले पाहिजे.

बंदीच्या काळात छप्पर पुन्हा उपयोगी पडले. वॉर्सातला येझी पोप्येउश्को हा तरुण पाद्री पोलाद कामगारांसाठी दर महिन्याला प्रार्थनासभा घेई. तेथे संघटनेची निशाणे निघत. ऑक्टोबर १९८४ मध्ये गुप्त पोलिसांच्या अधिकाऱ्यांनी त्याला पळवून ठार केले आणि प्रेत नदीच्या धरणात टाकले. १९८५ साली चार अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. आपल्याच पोलिसांना उघड न्यायालयात उभे करावे लागले, त्या दिवशी त्या राज्याची मनातली मान्यता, उरली असलीच तर, संपली. १९८९ च्या फेब्रुवारीत वाटाघाटींचे गोलमेज बसले, जूनमध्ये निवडणुका झाल्या, आणि ऑगस्टमध्ये ताद्यूश माझोव्येत्स्की हा कॅथलिक संपादक पंतप्रधान झाला.

बहुतेक लेखक येथे ग्रंथ मिटतात. मी पुढची पानेही वाचली. जानेवारी १९९० पासून बाजारपेठेचा कडू काढा देण्यात आला. लाखो कामगार बेकार झाले. ज्या कारखान्यातून हे सारे निघाले तो १९९६ साली दिवाळखोरीत गेला. आणि छप्पर? छपराला आता घराची मालकी हवीशी वाटू लागली. १९९० साली संसदेत न नेता, मंत्रालयाच्या हुकमाने, शाळांत धर्मशिक्षण आले. १९९३ साली गर्भपातावर कडक बंदीचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी पोपच्या दरबाराशी राज्याचा करार झाला, तो १९९८ मध्ये अमलात आला. पूर्वी सत्तेला अडवणारी संस्था आता सत्तेच्या ओट्यावर बसून पाहुणे नेमू लागली. ऑक्टोबर २०२० मध्ये घटनात्मक न्यायाधिकरणाने गर्भपाताचे नियम आणखी आवळले, तेव्हा शहराशहरांतून बायका आणि तरुण पोरी रस्त्यावर आल्या, आणि काही ठिकाणी प्रार्थना चालू असताना चर्चच्या आत जाऊन उभ्या राहिल्या. साठ वर्षांपूर्वी नोवा हुतामध्ये क्रूस राखायला धावल्या होत्या त्याही बायकाच.

फाटकात प्रार्थना चालविणारा पाद्री यान्कोव्स्की २०१० साली वारला. ग्दान्स्कमध्ये त्याचा पुतळा उभारला होता. २०१८ च्या डिसेंबरात त्याच्यावर मुलांच्या लैंगिक छळाचे आरोप वर्तमानपत्रांत आले. माणूस हयात नसल्यामुळे न्यायालयात काही सिद्ध व्हायचा प्रश्न उरला नव्हता. फेब्रुवारी २०१९ मध्ये एका रात्री तिघांनी दोर लावून पुतळा पाडला. गोदीतल्या कामगारांनी तो उचलून पुन्हा उभा केला. पुढच्याच महिन्यात तो कायमचा हलवला गेला.

२०११ च्या जनगणनेत पोलंडमधल्या शंभरांपैकी सुमारे सत्त्याऐंशी जणांनी स्वतःला कॅथलिक म्हणून नोंदवले होते. २०२१ मध्ये एकाहत्तर. त्या एकाहत्तरांखेरीज जे उरले ते सगळे दुसऱ्या धर्मात गेले असे मात्र नाही. जवळजवळ पाचांतल्या एकाने धर्माच्या रकान्यासमोर उत्तर द्यायलाच नकार दिला.